शनिवारचं पाणी

रविवारी सकाळी नऊला बोसिबोरीमावशीने आमच्या अ‍ॅपमध्ये ६८ मिलिमीटर पाऊस नोंदवला. एका दिवसात साठच्या वर गेला की टेकडीखालच्या सगळ्या फोनवर दरड कोसळण्याचा इशारा जातो. एकोणीस घरं गाद्या, भांडी, कोंबड्या घेऊन शाळेत गेली. टेकडी जागची हलली नाही.

मंगळवारी लोकांनी सभा बोलावली. मावशीच्या अंगणातलं पर्जन्यमापक काढायचं, अशी मागणी होती. अ‍ॅप मी आणि माझ्या दोन वर्गमित्रांनी कॉलेजात असताना केलेलं, म्हणून न्यामिरा शहरातून मलाच जावं लागलं. निघण्याआधी तिच्या अकरा महिन्यांच्या नोंदी उघडल्या. एकाही शनिवारी आकडा नव्हता. आजवर आम्ही ते नेटवर्कवर ढकललं होतं. रविवारचा पाऊस मात्र इतर दिवसांच्या जवळजवळ दुप्पट होता.

तिचं चर्च शनिवारचं. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून चोवीस तास कामाला हात लावायचा नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. अ‍ॅपला माहीत नव्हतं.

"म्हणजे रविवारी तुम्ही दोन दिवसांचं पाणी एकदम लिहिता?" सभेतच मी विचारलं.

"मग काय ओतून देऊ? अ‍ॅप विचारतं, पाणी किती. किती दिवसांचं, ते कुठं विचारतं?"

"चूक आमची आहे, मावशी."

"चूक तुमची, आणि कोंबडी माझी हरवली!" मागून ओंबासा ओरडला. तो तिचा शेजारी, कॅथलिक. मापक काढायची मागणी त्याचीच.

मी म्हणाले, "शनिवारी सूर्य मावळल्यावर वाचलं तर?"

"तोवर टेकडी माझी वाट बघत थांबेल का?" मावशी म्हणाली. "आणि सकाळी मी वाचणार नाही. तसं हवं असेल तर मापक घेऊन जा."

तिच्याइतक्या नेमाने नोंदी घेणारं दुसरं कुणी आमच्याकडे नव्हतं. मी ओंबासाकडे वळले. "काका, शनिवारी सकाळी नऊला तुम्ही कुठं असता?"

"गोठ्यात. का?"

लोक हसायला लागले. त्याला कळायला जरा वेळ लागला.

"माझा आकडा चुकला आणि लोक पळाले तर?"

"तर पुढच्या मंगळवारी तुझ्या नावाने सभा," मावशी म्हणाली. मग तिने त्याला अंगणात नेलं आणि गुडघ्यांवर बसवलं. "डोळा पाण्याच्या रेषेत आण. कडेला पाणी चढलेलं दिसतं, ते धरू नकोस. मधला खोलगट भाग धर."

त्याच आठवड्यात मी अ‍ॅपमध्ये एक प्रश्न वाढवला: हे पाणी किती दिवसांचं?

शनिवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी ओंबासाचा आकडा आला: ११. सूर्य मावळल्यावर मावशीचा फोन आला.

"किती लिहिलं त्याने?"

"अकरा."

"हं. पावसाच्या आवाजावरून मलाही तेवढाच वाटला होता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.