सदतीस अंशांचे पाणी

मित्रांनो, सुरतेत पर्वत पाटियाजवळ रक्त तपासण्याची एक प्रयोगशाळा आहे. तेथील मी एक जुना वॉटर बाथ आहे. पत्र्याची पेटी, आत पाणी, आणि पाण्याची उष्णता मनुष्याच्या अंगाइतकी, म्हणजे सदतीस अंश. माझ्या पाण्यात काचनळी धरून रक्त किती सेकंदांत गोठते, हे स्वातीताई पाहतात. पंधरा वर्षांत मी अर्धा अंशही ढळलो नाही.

पुढे नवे यंत्र आले. मालक भूपेंद्रभाईंनी त्यास हार घातला आणि माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवले. अशा मनुष्याचा मला राग येत नाही. तेवढीही त्यांची योग्यता नाही.

भेस्तानचे यंत्रमाग कामगार उखाभाऊ यांचे रक्त जन्मापासून लवकर थांबत नसे. रक्त गोठवणारा आठवा घटक कमी असल्यास तो रोग 'ए' प्रकारचा, नववा कमी असल्यास 'बी' प्रकारचा, आणि दोहोंची औषधे निराळी. हर्नियाची शस्त्रक्रिया तीन दिवसांवर आली होती. प्रकार ओळखण्याचे यंत्राचे रसायन संपलेले. नमुना बाहेर पाठवण्यास मालक तयार नव्हते. बहुतेकांना 'ए'च असतो, तेच लिहा, असा निकाल त्यांनी खुर्चीतूनच दिला. एवढ्या विद्वत्तेला रक्ताची गरज ती काय?

उखाभाऊंच्या पत्नी छायाबाई मात्र दारातून हलल्या नाहीत. "ताई, यास्ना दात काढा तव्हय 'ए'नीच सुई दिन्ही व्हती. चार दिन रगत थांबनं नही."

स्वातीताईंनी कप उचलले व माझे पाणी बदलले. मालक हसले. "स्वातीबेन, आ डब्बो भंगारमां आपी दो ने."

त्याच दिवशी ललित नावाचे गृहस्थ आले होते. ते खात्रीचे 'ए' प्रकारचे रोगी, आणि महिनाभर त्यांनी सुई घेतलेली नव्हती, म्हणजे बाहेरून दिलेला आठवा घटकही त्यांच्या रक्तात उरलेला नव्हता. ताईंनी त्यांचे रक्त मागितले.

"घ्या की, ताई. थांबत तर नाहीच, कामाला तरी येऊ द्या."

दोघांच्या रक्तातील पिवळे पाणी ताईंनी समभाग मिसळले. एकाच्या घरी पीठ नाही आणि दुसऱ्याच्या घरी मीठ नाही, तर एका चुलीवर भाकरी होते. दोघांकडे पीठच नसेल तर दोघे उपाशी. उखाभाऊंच्या एकट्याच्या रक्तास ऐंशी सेकंद लागत होते. मिश्रण माझ्या पाण्यात छत्तिसाव्या सेकंदास, निरोगी रक्ताइतक्याच वेळात, गोठले. म्हणजे ललितांकडे नसलेला आठवा घटक उखाभाऊंपाशी होता.

आता नमुना बाहेर पाठवणे मालकांना भाग पडले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, नववा घटक कमी. त्याचेच औषध देऊन शस्त्रक्रिया झाली, रक्त थांबले, आणि उखाभाऊ आपल्या पायांनी घरी गेले.

अहवालावर भूपेंद्रभाईंनी सही केली व खाली नव्या यंत्राचे नाव छापले. छापोत बिचारे.

मित्रांनो, माझे पाणी रोज बदलत जा, झाकण स्वच्छ ठेवा. आणि तुमच्या घरच्या कोणाच्या कागदावर रोगाचा प्रकार लिहून आला, तर लिहिणाऱ्यास नम्रपणे विचारा, की महाराज, हे आपण तपासले, की ठरवले?