खालच्या गटाचे धडे

बाईंनी टॅबचा आवाज पूर्ण वाढवला आणि फोन लावतात तसा तो थेट कानाला लावला.

नाव वर्गातल्या एका मुलीचं होतं, पण वाचणारा आवाज तिचा नव्हताच. मुलगी वर्गात धडाधड वाचायची, धाप लागेस्तोवर. हा आवाज मोठ्या माणसाचा, दबका, मागे कुकरची शिट्टी. शब्द अडला की गप्प व्हायचा आणि पुन्हा निघायचा तो अगदी वाक्याच्या सुरुवातीपासून. टॅब दर वेळी लाल रेघ मारत होता. त्याच्या लेखी शब्द दोनदा आला म्हणजे चूकच.

मुलं टॅब घरी न्यायची. घरचं आणि वर्गातलं वाचन मिळून तो वरचा की खालचा गट ठरवायचा. या मुलीचं घरचं वाचन असं काही घसरलं होतं, की आज शाळा सुटल्यावर गटांच्या याद्या ऑफिसात गेल्या की ती खालच्या गटात जाणार होती. तेही वर्षभरासाठी.

बाईंनी पुन्हा ऐकलं. मग डोळे मिटून घेतले.

टॅब नव्हते तेव्हा त्या अशाच ऐकायच्या. पोर टेबलाशी उभं, बोट ओळीवर, बाईंचा कान त्याच्या तोंडाशी. कोण कुठे श्वास घेतं, कोण कुठे थाप मारून पुढे सटकतं, सगळं पाठ. त्यात एक पोरगी होती. ओढा ओलांडायला चार पावलं मागे जाऊन धावत यावं, तशी वाचायची. वर्ग तिला 'रिव्हर्स' म्हणायचा, खो खो हसायचा. ती परत मागे जायची आणि वाक्य पार करूनच खाली बसायची. मग घरी धाकटा भाऊ झाला. त्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून तिची शाळा सुटली. बाई दोनदा घरी जाऊन आल्या होत्या. उपयोग झाला नाही.

पालकसभेला मुलीचा बाबाच यायचा. आज बाईंनी शिपायाला फाटकाशी पाठवून, लेकीला न्यायला आलेल्या आईला आत बोलावलं.

"काय गं रिव्हर्स?"

तिने हातातली पिशवी छातीशी धरली. "ओळखलंत बाई?"

"तोंडावरून नाही हं."

बाईंनी टॅब लावला. अर्धं वाक्य झालं आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अगंबाई! बंद करा ना. मला वाटलं, ते नुसतं ऐकतं. ठेवून घेतं होय?"

"ठेवतं. आणि लेकीच्या नावावर ठेवतं."

गटाचं सगळं सांगितल्यावर ती खुर्चीच्या टोकावर टेकली.

"पुसून टाका. सगळं. मी पुन्हा हात लावायची नाही. या वयात कसले थेर! आणि तिला कळू देऊ नका, हसेल."

"हसली तर हसली. अख्खा वर्ग हसायचा तेव्हा कुठे थांबलीस?"

"तेव्हा लेक नव्हती, बाई."

बाईंनी टॅब परत हातात घेतला. त्यांनी घरच्या वाचनाच्या नोंदी उघडल्या आणि पुसायच्या खुणेवर बोट नेलं.

"नका ना पुसू."

मुलगी दारात उभी होती. दप्तर एका खांद्यावर.

"मी वर राहिले की टॅबवर वरचेच धडे उघडतात. आईला ते अवघड जातात. खालच्या गटाला सोपे असतात. मला जाऊ द्या ना खाली."

आई वळून बघतच राहिली. "तुला ठाऊक होतं?"

"मग! तू म्हणतेस, जा खेळायला. मी जिन्यात बसून ऐकते, तुझ्याबरोबर मनात म्हणते. तू थांबलीस की मी पण थांबते."

आईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मान वर केली नाही.

बाईंनी एकेक नोंद पुसली. मुलीचा गट होता तिथे आला. यादी गेली. मग त्यांनी टॅब मिटून बाजूला सरकवला.

"खालच्या गटाला मी सकाळी, शाळा भरायच्या आधी घेते," त्या आईला म्हणाल्या. "बाकं बुटकी आहेत. गुडघे सांभाळून बस."