हातभर फीत

"एवढा आवंढा काढा आणि गाणं पुढे पाठवा," नवे साहेब म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचंच आहे. पण मी नाही करणार," कात्रीबाई म्हणाल्या.

बत्तीस वर्षं नभोवाणीच्या तळघरात फिती कापण्या-जोडण्यात गेली, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. नोकरीचा शेवटचा आठवडा चालू होता. जुनी गाणी साफ करून कॉम्प्युटरवर चढवायची होती. त्यातलं हे सगळ्यांत गाजलेलं. शेवटच्या ओळीआधी गायिका थांबते, आवंढा गिळते, मग सूर लावते.

"मावशी, लोकांना स्वच्छ ऐकायचं असतं हो."

"गाणं मुद्रित केलं त्या दिवशी सकाळी आईला स्मशानात पोचवून आल्या होत्या त्या. साथीदार म्हणाले, उद्या करू. तर म्हणाल्या, उद्या मला जमणार नाही."

साहेब खुर्चीत टेकले.

"तेव्हाच्या साहेबांनीही कापायला सांगितलं. मी नवखी, कापलं. अडीच सेकंद, हातभर फीत. मग ऐकलं. सूर तोच, शब्द तेच, पण गाणं पाठ केलेल्या धड्यासारखं. केराच्या टोपलीतून तुकडा काढला, पदराला पुसला, परत चिकटवला. आवंढ्याच्या अलीकडे-पलीकडे बारीक टक् येतं ना, ते माझं."

"त्या साहेबांना कळलं नाही?"

"दुसऱ्यांदा ऐकलं कुठे त्यांनी? साहेब होते."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "आणि मी लेखी आदेश दिला तर?"

"द्या. पण कापणाऱ्याची सही फितीच्या डब्यावर लागते. ती तुम्ही करा."

साहेबांनी खरंच पेन काढलं. बाहेर फरशी पुसणारी तेच गाणं गुणगुणत होती. तिला सुराशी फारसं देणंघेणं नव्हतं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. फडकंही थांबलं. साहेबांचं पेन डब्यावर तसंच. मग ओळ आली, फडकं पुन्हा फिरू लागलं.

"हिला कोणी शिकवलं हे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही. आपल्या डब्यानं."

साहेबांनी पेन त्यांच्यापुढे सरकवलं आणि जिना चढून गेले.

कात्रीबाईंनी डब्यावर लिहिलं : दोन जोड आहेत. काढू नयेत. खाली सही केली. नेहमीची दोन अक्षरं नव्हे, पूर्ण नाव. मग शाई वाळेपर्यंत डबा हातातच धरून बसल्या.