पाण्याखालचे खुंट

मेश्टहिल्ड बहिणीकडून परतली आणि पुलावरच थांबून खाली वाकून बघायला लागली. सातशे वर्षं ज्या खंदकाच्या पाण्यात एर्लेनबुर्गची गढी उभी होती, तो रिकामा. नुसता गाळ, दोन गंजक्या सायकली आणि चिखल उपसणारं यंत्र. काठावर रबरी बूट घालून तिचा नवरा रोटगर उभा, चेहरा असा खुललेला की जणू गढी त्यानंच बांधली!

"तूच म्हणायचीस ना, उन्हाळ्यात वास मारतो? सगळा साफ करून टाकतो!"

"पाणी कधी काढलंस?"

"काल सकाळी. का गं?"

मेश्टहिल्डच्या पूर्वजाला त्या मुलखावर राज्य करणाऱ्या बिशपशी भांडायची भारी खुमखुमी. बिशपचं सैन्य पोचू नये म्हणून या पठ्ठ्यानं ऐन दलदलीत घर बांधायला घेतलं. खाली खडक लागेना, तेव्हा ओकच्या लाकडाचे खुंट चिखलात ठोकून त्यांवर भिंती चढवल्या. ओक पाण्याखाली टिकतो, उघडा पडला की कुजायला लागतो. म्हणून मासे धरायलासुद्धा या घरात खंदक कधी पुरता रिकामा करत नसत. रोटगर पडला हॅम्बुर्गचा. त्याला कोण सांगणार, आणि तो विचारणार तरी कशाला!

त्यात गेले काही उन्हाळे पाणी बरंच खाली गेलेलं. तेव्हापासून खुंट कुजले तर नसतील ना, अशी पाल मेश्टहिल्डच्या मनात चुकचुकत होती, पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं स्वयंपाकघरातली सुरी उचलली आणि चांगल्या बुटांनिशी शिडीवरून गाळात उतरली.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"गप्प बस! सुरी आत गेली ना, तर घर गेलं समज."

भिंतीखाली काळे खुंट दिसत होते. तिनं डोळे मिटून एका खुंटावर सुरी हाणली. टोक वाकलं. दुसऱ्या खुंटावर तेच, तिसऱ्यावरही तेच. कोपऱ्यातल्या बुरुजाखाली तर सुरी मोडलीच. मेश्टहिल्ड फतकल मारून गाळातच बसली आणि हसता हसता रडायला लागली.

"आता खुंट सुकायच्या आत पाणी हवं! बेर्न्टला फोन लाव."

शेजारचा शेतकरी बेर्न्ट गावातले सगळे टँकर घेऊन आला. एरवी त्यांतून पातळ शेणखत जायचं. आज ते कालव्यावर भरून आणले होते.

"बाईसाहेब, आतून धुतलेत हं. म्हणजे, बऱ्यापैकी."

दिवस कलताना शेवटचा खुंट पाण्याखाली गेला. वाऱ्याबरोबर असा दर्प आला की रोटगरनं नाक दाबलं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "हा वास तर आधीपेक्षा वाईट आहे."

"येऊ दे," मेश्टहिल्ड चिखलाच्या हातानं त्याचा हात धरत म्हणाली. "चार वर्षं या भिंतींखाली जीव मुठीत धरून झोपतेय मी. आज गाढ झोपेन."