खाडीतली मिठाईघरे

मित्रांनो, आज माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. पण माझी मान ताठ आहे. मी अंधेरीच्या एका कॉलेजातल्या ग्रंथालयाचे जुने कार्ड आहे.

१९५४ साली उपनगरांतल्या चार कॉलेजांनी ठरवले, की पुस्तकाचे नाव, विषय आणि जागा सांगणारी कार्डे एकाच ठिकाणी लिहायची आणि त्यांच्या नकला सर्वांनी वापरायच्या. ‘ठाणे खाडीची मिठागरे’ या पुस्तकासाठी माझा जन्म झाला. मात्र मला लिहिणाऱ्या कारकुनाने पुस्तक पाहिलेच नव्हते. यादीतला शब्द चुकला असावा, असे समजून त्याने तो स्वतःच सुधारला. मी झालो ‘ठाणे खाडीची मिठाईघरे’, विषय पाककला! माझ्या नकला तशाच चारही कॉलेजांत गेल्या. पुस्तक बिचारे तीन वर्षे लाडू-करंज्यांच्या शेजारी धूळ खात पडले.

एके दुपारी मुलुंडची मालन आली. तिचे वडील मिठागरात राबत. कॉलेजांच्या निबंधस्पर्धेसाठी तिने तोच विषय घेतला होता.

“बाई, तीन कॉलेजं पालथी घातली. मिठागरांवर पुस्तकच नाही म्हणतात. सर म्हणाले, विषय बदल. आठच दिवस उरलेत हो!”

पद्मजाबाई तेव्हा सहायक ग्रंथपाल होत्या. त्यांनी ‘मीठ’ शोधले, ‘मिठागर’ शोधले. मग ‘ठाणे’पासूनची कार्डे चाळताना मी त्यांच्या हाती लागलो.

“अगं, खाडीत मिठाईची दुकानं कुठली?” असे म्हणत त्या थेट पाककलेच्या कपाटाकडे गेल्या. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर खरे नाव होते. मालनने ते छातीशी धरले.

पद्मजाबाईंनी लगेच पेन उचलले. पण ग्रंथपाल मार्तंडरावांनी त्यांना थांबवले.

“हे चौघांचं कार्ड आहे. एकट्यानं खोडलंत, तर मेळ राहणार नाही.”

“सर, चूक चौघांकडे आहे म्हणून ती बरोबर ठरते का?”

“मग हे चौघांसमोरच मांडा,” मार्तंडराव म्हणाले. चारही ग्रंथालयांच्या त्या महिन्याच्या घाटकोपरच्या बैठकीला त्यांनी बाईंना सोबत नेले. मीही गेलो, मालनने परत केलेल्या पुस्तकात बसून. मला वाचून सगळे खो खो हसले.

“हसा,” पद्मजाबाई म्हणाल्या, “पण हे पुस्तक शोधणाऱ्या पोरीला तीन ठिकाणांहून रिकाम्या हातानं कोणी पाठवलं? आपणच ना?”

मग बाईंनी ठराव मांडला: पुस्तक हातात घेतल्याशिवाय कार्ड लिहायचे नाही, चूक ज्याला दिसेल त्याने सुधारायची, खाली सही करायची आणि उरलेल्या तिघांना त्याच दिवशी कळवायचे. अनुमोदनासाठी पहिला हात वर झाला तो मार्तंडरावांचा! ठराव एकमताने मंजूर झाला. तिथेच, सर्वांच्या देखत, बाईंनी माझे नाव दुरुस्त केले.

वर्षभरात तीनशे अकरा कार्डे सुधारली. मालनला स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. तिचा निबंध व्यासपीठावरून वाचला गेला, तेव्हा तिचे वडील पहिल्या रांगेत ताठ बसून स्वतःच्या कामाचे वर्णन ऐकत होते.

मित्रांनो, कार्डावर चूक दिसली, तर हसून पुढे जाऊ नका. टेबलापाशी जाऊन सांगा. तेच पुस्तक शोधत कोणीतरी दारोदार फिरत असेल.