खंडेनवमीचं लिंबू

बनशंकरीतले विठोजी म्हणजे सगळ्या गल्लीचे अण्णा, आणि अण्णांचं तलवारींचं वेड म्हणजे सगळ्या गल्लीची करमणूक. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं ग्राइंडिंग केलेला हा माणूस निवृत्तीनंतर अठराव्या शतकातल्या लढाऊ तलवारी जमवायला लागला, तेही असं, जणू उद्या सकाळी फौज निघायची आहे. भिंतीवर सहा तलवारी होत्या. सातवी कपाटामागे पडली होती.

ती आनेकल गावातल्या एका जुन्या घरातून आली, तेव्हा गंजानं पार तांबडी झाली होती. तिचा बाक आणि मूठ बघून अण्णांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की हे उक्कू आहे, म्हणजे मुशीत वितळवलेलं जुनं पोलाद, ज्याच्या अंगावर पाण्यासारख्या लहरी असतात. मग कारखान्याची सवय नडली. गंज काढायला त्यांनी पॉलिशचं चाक लावलं आणि तलवार जेवणाच्या ताटासारखी लखलखीत करून टाकली. नंदकिशोर हे त्यांचे संग्राहक मित्र. त्यांनी ती बघितली आणि हळूच सांगितलं, की उक्कू असतं तर लहरी दिसल्या असत्या. ही अलीकडची, नाटकातली असावी.

अण्णा त्या दिवसापासून खचले. आपली नजरच खोटी, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. दसरा झाला की सहाही तलवारी नंदकिशोरांना देऊन हा नाद सोडायचा, असं त्यांनी घरात जाहीर केलं. पत्नी सोयराबाईंनी लगेच भिंतीवर काय लावायचं ते ठरवायला घेतलं. यंदाच वैशाखात घरात आलेली सून, अथणीची शिवलीला, तिला मात्र फार वाईट वाटलं.

खंडेनवमीला अण्णा जुन्या कारखान्यात यंत्रांच्या पूजेला गेले. तलवारींना ओलं काही लावायचं नाही, लांबूनच फुलं वाहायची, अशी तंबी देऊन गेले. शिवलीलेनं सहाही तलवारींना लांबूनच फुलं वाहिली. मग तिला कपाटामागची आठवली. सणाच्या दिवशी तिलाच एकटीला का वगळायचं? शिवाय मामाच (सासऱ्यांना ती मामा म्हणायची) तिला खोटी म्हणतात, तेव्हा तंबी हिला लागू नसणार. तिनं माहेरी विळ्या-कोयत्यांची करतात तशी तिची साग्रसंगीत पूजा केली. लिंबू कापून वरच्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत चोळलं, कुंकू लावलं, आणि माहेरच्या रिवाजानं दसऱ्यापर्यंत पुसलं नाही.

दसऱ्याला सकाळी अण्णांनी ते बघितलं आणि त्यांचा पारा चढला. पोलादाला लिंबू म्हणजे गंजाला आमंत्रण, हे या घरात कुणाला कळत कसं नाही? शिवलीला मान खाली घालून उभी राहिली. अण्णांनी तणतणत फडकं घेतलं, कुंकू पुसलं, आणि त्यांचा हात थांबला.

पातं काळसर पडलं होतं. त्या काळसर रंगात बारीक पांढऱ्या रेषा वळणं घेत थेट टोकापर्यंत गेल्या होत्या. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. लहरी पोलादात मुळापासून होत्या. त्यांच्या चाकानं त्या झाकल्या होत्या आणि लिंबाच्या आंबटानं वर आणल्या होत्या.

अण्णा तिथंच फरशीवर बसले. आनंद मनात मावत नव्हता, आणि सुनेवर ओरडल्याची लाजही वाटत होती.

"नजर खोटी नव्हती गं," ते म्हणाले. "हातच जरा जास्त चालला. शिवलीला, दुसरी बाजू अजून कोरीच आहे. तूच लाव."

"स्वल्प थांबा मामा, लिंबू आणते," ती माहेरच्या कानडी वळणानं म्हणाली.

अण्णांनी लगेच नंदकिशोरांना फोन लावला, की तलवारी न्यायला येऊ नका, बघायला या. ते आले तेव्हा सासरे आणि सून फरशीवर समोरासमोर बसले होते, आणि आनेकलमध्ये अशी जुनी घरं अजून किती आहेत, याची सूनबाई बारकाईनं चौकशी करत होत्या.