टोबायस नसलेला अंक

वांडा चार्नेकी 'ग्रे हेरन' हे कॉमिक लिहायची आणि त्यातल्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं मी काढायचो. बावीस वर्षं आम्ही हेच केलं. नवा अंक निघाला की एक प्रत ती भावासाठी ठेवायची आणि रविवारी मी तिला यॉन्कर्सला घेऊन जायचो, कारण तिला गाडी चालवता येत नव्हती.

तिचा भाऊ एमिल. एकोणिसाव्या वर्षी रेल्वेच्या यार्डात डोक्याला मार बसला, तेव्हापासून तो तिथल्या शुश्रूषागृहातच होता. बोलायचा सावकाश, चालायचा भिंतीला धरून, पण 'ग्रे हेरन'चं एकेक पान त्याला पाठ होतं. महानायक हेरनचा धाकटा भाऊ टोबायस, सिग्नलच्या मनोऱ्यात एकटा राहणारा, एका कानाने बहिरा, तो आपणच हे त्याने ओळखलं होतं. वांडाने ते कधी कबूल केलं नाही, नाकारलंही नाही.

"एकशे चौदाव्या अंकात त्याचा डावा कान बहिरा होता," एमिल म्हणायचा. "आधी उजवा होता."

"गोष्टीला तसं हवं होतं रे."

"गोष्टीला हवं म्हणून कान बदलतो का कुणाचा?"

वांडा हसायची. जुन्या अंकांशी मेळ घालत बसणाऱ्या वाचकांचा तिला कंटाळा होता. म्हणून 'ग्रे हेरन'वर सिनेमा निघाला तेव्हा तिने हरकत घेतली नाही. दिग्दर्शक क्विन ऑल्डरसन, पस्तिशीचा, स्वतः घरी आला.

"माझ्याकडे पडद्यावर दोनच तास आहेत," तो चाचरत म्हणाला. "टोबायस हेरनच्याच हातून मरतो, असं दाखवायचंय. तुम्हाला चालेल?"

"कर," वांडा म्हणाली. "तो तुझा हेरन. माझा माझ्याकडे आहे."

सिनेमा आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला. मनोरा कोसळला तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोराने चांगलं केलंय. मला हे सुचलं नसतं." ती मनापासून बोलत होती.

एमिलला कुणीतरी सांगितलंच. तो शांत होता. "तो सिनेमातला मेला," त्याने आम्हालाच समजावलं. "आपल्या अंकात आहे तो."

सहा महिन्यांनी संपादक ब्रेनरने आम्हाला बोलावलं. सिनेमा पाहून नवे वाचक आले होते आणि मेलेला भाऊ अंकात जिवंत कसा, असं विचारत होते.

"टोबायस लहानपणीच गेला होता असं करू या," ब्रेनर म्हणाला. "नदीत बुडून. त्याचे आधीचे अंक मग घडलेच नाहीत."

"बावीस वर्षं घडलीच नाहीत?"

"वांडा, गोष्टीला हवं म्हणून तुम्हीही बदलत आलातच की."

हेरनची मालकी कंपनीची होती. तिने नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. तीन दिवसांनी तिने पानं पाठवली. मी फोनवर विचारलं, "का लिहिलंस?"

"दुसऱ्याने त्याला तडफडवलं असतं," ती म्हणाली.

बुडण्याच्या पानावर दोनच फुगे होते. ते भरायला मला अख्खी सकाळ लागली.

तो अंक एमिलकडे ती स्वतः घेऊन गेली. त्याने तो दोनदा वाचला.

"मग मनोऱ्यात कोण राहतं?"

"कुणीच नाही. मनोराही नव्हता."

"मी वाचलंय ना पण."

"हो."

"हे तू लिहिलंस?"

कंपनीचं नाव घेता आलं असतं. मी तसं सुचवायला तोंड उघडलंही. "मीच लिहिलं," वांडा म्हणाली.

एमिलने अंक नीट मिटून तिच्या मांडीवर ठेवला आणि भिंतीला धरत खोलीत गेला.

पुढच्या रविवारी तो बाहेर आला नाही. परिचारिका संकोचून म्हणाली, "आपल्याला बहीणच नाही, असं म्हणतो तो. मी समजावलं खूप."

वांडा तरीही दर रविवारी जायची, व्हरांड्यातल्या खुर्चीत दोन तास बसायची आणि उठायची. खोलीचं दार उघडं असायचं. त्याचे पाय दिसायचे, लोकरी मोज्यांतले. असे अकरा रविवार गेले. फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला. शेवटचे दोन दिवस तिने त्याचा हात धरला होता आणि त्याने तो सोडवून घेतला नाही. पण तेव्हा तो शुद्धीवर होता की नाही, हे आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही.

त्यानंतर वांडाने लिहिणं सोडलं. 'ग्रे हेरन' आता दुसरी एक मुलगी लिहिते, बरं लिहिते. फुगे अजून मीच भरतो.